कूलर बंद, समुद्र चालू

माझ्या कामाचा सगळ्यात मोठा वैरी कूलर आहे. मे महिन्यात दिग्रसला पारा चव्वेचाळीसला टेकतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि घराघरातून कूलरचा घुमारा चालू असतो. अडचण अशी की हा घुमारा नेमका त्याच पट्टीत येतो ज्या पट्टीत मासे आवाज करतात. शंभर हर्ट्झच्या आगेमागे सुरुवात, आणि बहुतेक सगळा कारभार हजार-दोन हजार हर्ट्झच्या आत. कानांवर कितीही जाड हेडफोन चढवा, खालचे सूर भिंतीतून, खुर्चीतून, हाडांतून आत शिरतातच. म्हणून मी कूलर बंद करते, ओला दुपट्टा मानेवर टाकते आणि ऐकायला बसते. आई दारातून म्हणते, "माणसं उकडून मरून राह्यली, अन् हे मासोळ्यांसाठी कूलर बंद करून बसली."

लाइट गेली की मात्र माझी चांदी. गल्ली ओट्यावर येऊन विजेच्या नावानं बोटं मोडत असते आणि मी लॅपटॉपच्या बॅटरीवर दिवसातलं सगळ्यात चांगलं काम उरकते. चार्जर लावलेला असेल तर हेडफोनमध्ये पन्नास हर्ट्झची बारीक गुणगुण येते. मेन लाइनचीच ती. अर्थिंग नीट करून घेतलं तरी पूर्ण जात नाही. लाइटच नसली की प्रश्नच मिटला.

काम काय, तर गोव्यात मुरगावच्या बाहेर, झुआरी नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला ग्रँड आयलंड म्हणून एक बेट आहे. त्याच्या कडेच्या खडकांवर प्रवाळ आहेत. त्या भागात पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रानं टिपलेले आवाज तासन्‌तास ऐकायचे आणि त्यातले माशांचे आवाज वेगळे काढून त्यांच्यावर खुणा करायच्या. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले अमरावती विद्यापीठात. एका प्रकल्पासाठी यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता म्हणून गोव्याला गेले, एक हंगाम तिथे काढला. मग बाबांच्या आजारपणामुळे घरी यावं लागलं तेव्हा प्रकल्पवाल्यांनीच सुचवलं, की ऐकायचं काम तर कुठूनही करता येईल. तेव्हापासून समुद्र माझ्याकडे कुरिअरनं येतो. दिग्रसहून तो सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे.

गोव्याच्या त्या पाण्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर कान लावून बसण्याचं कारण कळणार नाही. प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं निळंशार पाणी येतं. पश्चिम किनाऱ्यावर तसं नाही. नद्या गाळ आणतात, भरती-ओहोटी तो ढवळते, आणि पाण्याखाली चार-पाच मीटरवरचं दिसलं तर डायव्हर खूश होऊन वर येतात. खराब दिवशी आपलाच पसरलेला हात धूसर होतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीही प्रवाळ आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथेही पाण्याची तीच तऱ्हा. मासे मोजायची रूढ पद्धत अशी की तळावर टेप अंथरायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजत पोहत जायचं. आमच्याकडे टेपचं दुसरं टोकच दिसत नाही. शिवाय माणूस आला की निम्मे मासे कपारीत जातात. रात्री काय होतं, हा प्रश्न तर विचारायचाच नाही. आणि पावसाळ्यात कुणी खाली उतरतच नाही.

ध्वनीला गाळाची फिकीर नसते. पाण्यात तो सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, हवेच्या सव्वाचारपट-साडेचारपट वेगानं, आणि प्रकाश जिथे काही मीटरांत दमतो तिथे तो आरामात पुढे जातो. म्हणून तळावर हायड्रोफोन ठेवायचा. नाव भारदस्त असलं तरी आत एक चिनी मातीच्या जातीचा तुकडा असतो. त्याच्यावर दाब पडला की तो किंचित वीज तयार करतो, आणि तीच नोंदली जाते. बाकी सगळी बॅटरी आणि मेमरी. बॅटरी पुरवायची म्हणून यंत्र अखंड ऐकत नाही. काही मिनिटं जागं, काही मिनिटं झोपलेलं, असं रात्रंदिवस चालतं.

यंत्र उतरवणं ही निम्मी हमालीच. वजन बांधायचं ते साखळीनं नाही, दोरानं. साखळीची एक कडी दुसरीवर घासली की पुढचे कित्येक तास रेकॉर्डिंगमध्ये तोच खणखणाट. दोरही सैल नको, प्रवाहात तो थरथरतो. आणि काही आठवड्यांनी यंत्र वर काढावं तर ते ओळखू येत नाही: बार्नाकल, शेवाळ, कालवांची पिल्लं, सगळ्यांनी घर केलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरवडायला लागले तर बोटीवरचे तांडेल म्हणाले, "सावकाश गो बाय, तेंकाय जागा मेळूंक जाय." तेवढं कोकणी मला तोवर कळायला लागलं होतं.

आता आवाज. पहिल्यांदा हेडफोन लावणाऱ्या कुणालाही एकच गोष्ट ऐकू येते: तडतड. अखंड, सगळीकडून. ती माशांची नाहीच. बोटाएवढ्या कोळंबीची ती करामत. तिचा एक नांगा शरीराच्या मानानं अवाढव्य असतो. तो ती इतक्या वेगानं मिटते की पाण्याची एक धार सुटते, त्या धारेत बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा फुटतो त्याचा हा आवाज. नांग्याचे दोन भाग आपटल्याचा नव्हे. हे उलगडलं २००० साली, तेही सेकंदाला हजारो चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यानं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला या तडतडीनं आणि माशांनी भलताच त्रास दिला होता. १९४२ मध्ये चेसापीक उपसागरात पाणबुड्या ऐकण्यासाठी हायड्रोफोन लावले, तर वसंतात त्यांना ऐकू आले ते क्रोकर माशांचे थवे. शत्रूची पाणबुडी त्या कालव्यात कशी शोधणार? माशांच्या आवाजाच्या अभ्यासाला पैसा मिळाला तो या अडचणीमुळे, कुतूहलामुळे नव्हे. विज्ञानाला पैसा बहुधा असाच मिळतो.

कोळंबीची तडतड दोन हजार हर्ट्झच्या वर जास्त जोरात असते, म्हणून ती गाळून टाकता येते. गाळली की खाली मासे सापडतात. आवाजाचं चित्र पडद्यावर येतं, स्पेक्ट्रोग्राम: आडवा काळ, उभी कंप्रता, जितका जोर तितका उजळ ठिपका. सराव झाल्यावर कान आणि डोळे एकमेकांना मदत करू लागतात. कूलर चालू ठेवावाच लागला, बाबांना उकाडा सहन होईना, तर मी नुसत्या डोळ्यांनी काम करते.

मासा आवाज कसा करतो हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं, आणि उत्तर द्यायला मला आवडतं. त्याला स्वरयंत्र नाही, पण युक्त्या बक्कळ. घोळ आणि ढोमा यांच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटतात, ढोल वाजतो तसा. टोडफिशचे असे स्नायू तर पृष्ठवंशी प्राण्यांत सगळ्यात वेगवान गणले जातात. सेकंदाला दोनशेच्या घरात आकुंचन. ही पिशवी कोकण-पालघरच्या कोळ्यांना चांगली ठाऊक आहे, घोळीची सुकवलेली पिशवी परदेशात सोन्याच्या भावानं जाते. ज्या अवयवाला एवढी किंमत तोच त्या माशाचा आवाज, हे विकणाऱ्याच्या डोक्यात येत नसणार, आणि येऊन उपयोगही नाही. ढोमा खाणाऱ्यांना त्याच्या डोक्यातले दोन पांढरे खडे दाताखाली आलेले आठवत असतील. ते कानातले. त्यांच्यावरच तो ऐकतो.

सिनेमातल्या निमोची गोष्ट वेगळी. क्लाउनफिश जबड्यानं बोलतो. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या एरिक पारमांतिए आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की त्याच्या जबड्यात एक बंध असतो. डोकं वर उचललं की तो ताणला जाऊन तोंड फटकन मिटतं, दातावर दात आपटतात, आणि ते टोले सटासट सुटतात. मासा जितका मोठा तितका सूर खालचा. एका घरात राहणाऱ्या क्लाउनफिशमध्ये मोठी मादी, मग नर, मग बाकीचे असा कडक क्रम असतो. त्यामुळे कोण बोललं हे त्यांना न पाहताही कळत असणार. पोपट मासा मुद्दाम बोलत नाही, तो चोचीनं प्रवाळ खरवडतो आणि त्याचं जेवण ऐकू येतं. ट्रिगरफिश पंख अंगावर घासतो.

दिग्रसला हे सांगताना मला एक सोय आहे: शिंगाळा. अरुणावती धरणातला मासा बाजारात येतो, त्यात रोहू-कटला असतो, मरळ असते, कधी शिंगाळा. जिवंत शिंगाळा हातात धरला की तो कुरकुरतो. छातीच्या पंखाचा जो काटा लागला की बोट दोन दिवस ठणकतं, त्याच काट्याचं बूड खांद्याच्या हाडाच्या खाचेत तो घासतो. बाजारातल्या भोईण मावशींना मी हे शास्त्र म्हणून सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "त्याच्यात काय सांगायचं पोरी? लहानपणापासून आयकून राह्यलो आमी. तो रागावते." रागावतो हे मी लिहू शकत नाही, पण पकडल्यावर आणि धोक्यात असताना करतो एवढं शास्त्रही म्हणतं.

आणखी गंमत पुढे आहे. प्रवाळातले बहुतेक मासे ऐकण्यात बेताचेच. धरणातला रोहू आणि शिंगाळा त्यांच्यापेक्षा कितीतरी तिखट कानाचे. त्यांच्यात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळीच असते. वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं ती १८२० मध्ये वर्णन करून ठेवली. पिशवी थरथरली की हाडं ती थरथर कानात पोचवतात. मधमाशांच्या नाचासाठी ज्यांना पुढे १९७३ चं नोबेल मिळालं त्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२० च्या दशकात एका आंधळ्या केलेल्या शिंगाळ्याच्या जातभाईला शिट्टीवर यायला शिकवलं आणि मासे बहिरे असतात हा त्या काळचा समज मोडीत काढला. आमचे शेजारचे आबाजी एवढं ऐकून म्हणाले, "म्हंजे आपले मासे हुशार, अन् तू त्या बह्यऱ्यांच्या मागं लागली." उत्तर नव्हतं माझ्याकडे. प्रवाळांना निधी मिळतो, धरणांना मिळत नाही, हे काही आबाजींना सांगण्यासारखं उत्तर नाही.

ग्रँड आयलंडचं रेकॉर्डिंग सूर्यास्ताच्या सुमाराला बदलतं. एखाददुसरी घुरघुर येते, मग आणखी, आणि थोड्या वेळात पडद्यावर खालच्या बाजूला एक सलग उजळ पट्टा चढतो. हा कोरस. दिग्रसच्या घंटीबाबांच्या यात्रेत गर्दी भरात असताना गावाबाहेरून कान दिला तर एकच एक कल्लोळ येतो, त्यात कुणाची हाक वेगळी निघत नाही; तसंच हे. एकेका माशाचा आवाज ऐकायचा तर कोरस भरण्याआधी किंवा उतरताना ऐकावा लागतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या विश्वजित चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बेटाजवळ, प्रवाळापासून जरा हटून, पावसाळ्याआधीच्या दिवसांत टिपलेल्या आवाजांवर २०२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात ठळक कोरस आहेच, शिवाय सुटे आवाज संगणकानं आपणहून गटांत वेगळे करावेत असा प्रयत्न आहे. आधी शिकवायचं नाही, हा अमुक मासा हे सांगायचं नाही. सारखं सारख्यासोबत ठेव एवढंच.

हे ऐकून मला भेटणारे बरेच जण म्हणतात, मग तुझी काय गरज? रास्त प्रश्न. यंत्र गट पाडतं, पण बोटीचा नांगर, दोराची कुरकुर आणि मासा हे तिन्ही ते आनंदानं एका गटात घालतं. शिवाय गट पाडला म्हणजे मालक सापडला असं नाही, आणि या कामातलं खरं दुखणं तेच आहे. आवाज मिळतो, धनी मिळत नाही.

पाण्याखाली माणसाला दिशा कळत नाही. ध्वनी इतक्या झपाट्यानं येतो की दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो. बहुतेक मासे आवाज करताना तोंड हलवत नाहीत. मेरी पोलंड फिश या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी (आडनाव लग्नानंतरचं, पण नशीब पाहा) यावर उपाय म्हणून मासे टाकीत ठेवले, विजेचे हलके झटके देऊन त्यांना बोलतं केलं आणि १९७० मध्ये विल्यम मोब्रे यांच्यासोबत पश्चिम अटलांटिकच्या माशांच्या आवाजाचा जाडजूड ग्रंथ काढला. उपयोग आजही होतो. पण झटका खाल्लेला मासा जे बोलतो ते तो संध्याकाळी स्वतःच्या कपारीत बोलेल याची खात्री काय? २०२५ मध्ये कुरासाओ बेटाजवळ सगळ्या दिशांना बघणारा कॅमेरा आणि हायड्रोफोन एकत्र बसवून ४६ जातींचे आवाज नावानिशी पकडले गेले. पण कॅरिबियनचं पाणी नितळ. आमच्याकडे तो कॅमेरा गाळ बघत बसेल. जगभरात आवाज करतात म्हणून नोंद झालेल्या माशांच्या जाती हजाराच्या जवळ पोचल्या आहेत, मासे तिसेक हजारांहून जास्त. म्हणजे माझ्या पडद्यावर जे येतं त्यातलं पुष्कळसं बेवारशी असणार हे ठरलेलंच.

मी त्यांना नावं दिली आहेत, वहीत, मराठीत. एक 'कडी' आहे, दोन ठोके, थांबून तिसरा. एक 'घोरणारे काका'. एक 'जातं', जे लांबत जातं आणि मध्येच तुटतं. प्रकल्पाच्या फायलीत यांना अक्षरं आणि आकडे आहेत आणि तेच बरोबर आहे, वही माझ्यासाठी. सुरुवातीला मला नाव न सापडण्याचा त्रास व्हायचा, मिळेल त्या ग्रंथातल्या चित्राशी जुळवून हा तोच, असं लिहून टाकावंसं वाटायचं. आता माझं मत उलट झालं आहे. 'ओळख नाही' असा शेरा आणि त्यासोबत वेळ, भरती, खोली, कंप्रता हे नेमकं नोंदलेलं असेल तर ती नोंद खोट्या नावापेक्षा शंभर पटींनी कामाची. उद्या कुणाला धनी सापडला तर माझी वर्षांपूर्वीची सगळी पानं एका दिवसात त्याच्या नावावर होतील. चुकीचं नाव लागलेलं पान मात्र कुणी परत उघडत नाही.

माझ्या फायलीत सगळ्यात जास्त खुणा मात्र माशांच्या नाहीत, बोटींच्या आहेत. ऑक्टोबर ते मे डायव्हिंगवाल्या, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या, गळ टाकायला नेणाऱ्या. नाताळच्या आठवड्यात तर सकाळी नऊपासून दुपारपर्यंत स्पेक्ट्रोग्रामचा खालचा भाग पांढराच. इंजिनाचा आवाज त्याच पट्टीत, माझ्या कूलरसारखा. त्या वेळात मासे बोलत होते की गप्प होते हे मला सांगता येत नाही, कारण बोलले असते तरी ऐकू आलं नसतं. ते एकमेकांना तरी ऐकू येत असतील का, हा पुढचा प्रश्न.

आणि ऐकू येण्याला तिथे किंमत आहे. प्रवाळातल्या माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की उघड्या समुद्रात वाहत जातात, आणि काही आठवड्यांनी घर शोधत परततात. स्टीव्ह सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड आयलंडला दाखवलं की ती प्रवाळांच्या गलक्याकडे ओढली जातात. २०१६ च्या उष्णतेत तिथले प्रवाळ पांढरे पडले. त्यानंतरचं रेकॉर्डिंग आधीच्यापेक्षा शांत निघालं आणि पिल्लंही त्याकडे कमी वळली. मग टिम गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी मोडलेल्या प्रवाळाचे ढीग रचून त्यांच्यावर लाउडस्पीकरनं चांगल्या दिवसांतला गलका वाजवला. चाळीस दिवसांत दुप्पट मासे. २०१९ मध्ये हे छापून आलं तेव्हा बातम्या झाल्या, मला चुलत भावांनीसुद्धा पाठवल्या: बघ, तुझं काम. मला त्या प्रयोगाचं कौतुक आहे, बातम्यांचं नाही. मासे आले, प्रवाळ लाउडस्पीकर ऐकून येत नाहीत. पाणी तापलेलंच राहिलं तर आलेल्या माशांनी राहायचं कुठे? लिहिणाऱ्यांनी स्वतः हे सांगितलं आहे, पण बातमीत तेवढं वाक्य गळतं.

सध्या माझ्या डोक्यात 'कडी' आहे. बाकीचे आवाज संध्याकाळी दाट होतात, ही एकटी पहाटे उजाडायच्या आधी येते, एकाच जागच्या यंत्रात, आणि ठोक्यांमधलं अंतर फारसं बदलत नाही. बार्नाकलनं झाकलेल्या यंत्राची स्वतःचीच काही खोड असेल म्हणून साफ केलेल्या यंत्राशी ताडून पाहिलं, तिथेही आहे. एका हायड्रोफोननं यापुढे जाता येत नाही. तीन हवेत, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. दहा मीटर जायला ध्वनीला पाण्यात सात हजारांश सेकंदसुद्धा लागत नाहीत, पण घड्याळं जुळवलेली असतील तर तेवढ्या फरकावरून आवाज कुठून आला ते काढता येतं. मागणी लिहून पाठवली, मान्य झाली आहे. पावसाळा संपून पाणी निवळलं की यंत्रं त्रिकोणात उतरतील. एक यंत्र उत्तरेकडच्या त्या आडव्या कपारीजवळ ठेवा असं मी कळवलं आहे. डायव्हरांचं म्हणणं, तिथे खेकड्यांशिवाय काही नाही.